न्यू जर्सीच्या हायस्कुलात इटालियन-१ : शाळेचं वर्ष संपताना

आमची लेक न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात नववीत आहे आणि सप्टेंबरपासून इटालियन-१ शिकते आहे. या राज्यात हायस्कूल पूर्ण करायला परकीय भाषेचे किमान ५ क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण एका वर्षाचा विषय. आपल्या ओळखीतली बहुतेक मराठी मुलं स्पॅनिश घेतात, कारण ती इथे रोज कानावर पडते. लेक व्हायोलिन वाजवते, तिच्या नोटेशनच्या वहीत सगळ्या सूचना इटालियनमध्ये असतात, म्हणून तिला हीच भाषा हवी होती. तिचा अभ्यास रोज संध्याकाळी माझ्यासमोर होतो, त्यामुळे वर्षभर मीही तिच्याबरोबर शिकले. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं नववीत जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते: घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला इटालियन फार लवकर जवळची वाटू लागते, आणि याचा उपयोग करून घ्यायला हवा.

उच्चारापासून बघा. इटालियनमध्ये त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीच्या प, त, क मध्ये हवेचा झोत नसतो. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडून ते थोडे फ, थ, ख सारखे येतात. जोडाक्षरांवर तर अर्थच अवलंबून असतो. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. वर्गातल्या बऱ्याच मुलांना हा फरक आधी ऐकूच येत नव्हता. पक्का, सत्ता, गल्ली म्हणत वाढलेल्या मुलीला तो पहिल्या आठवड्यात जमला. वाचनाचे नियमही थोडके आणि पक्के आहेत. ते कळल्यापासून इथल्या हॉटेलात कुणी ‘ब्रुशेटा’ (भाजलेल्या पावाचा एक इटालियन पदार्थ) म्हटलं की ती हळूच ‘ब्रुस्केत्ता’ म्हणते.

व्याकरणात मला सर्वांत आनंद झाला तो आवडीनिवडीच्या धड्यात. ‘मि प्याचे इल जेलातो’ म्हणजे मला आइस्क्रीम आवडतं. ‘मि प्याच्चोनो ई लीब्री’ म्हणजे मला पुस्तकं आवडतात. आवडणारी वस्तू एक की अनेक, त्यावर क्रियापद बदलतं, अगदी मराठीसारखं. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे महिनाभर अडखळत होती. मी लेकीला एवढंच सांगितलं, की मनात मराठी वाक्य कर. भूतकाळ वर्षाच्या शेवटी नुकताच सुरू झाला, तिथेही तेच. मुलगी ‘सोनो आन्दाता’ म्हणते, मुलगा ‘सोनो आन्दातो’. मी गेले, मी गेलो. वयाने मोठ्या किंवा अनोळखी माणसाशी ‘तू’ऐवजी ‘लेई’ने बोलायचं, हे तर तिला समजावूनही सांगावं लागलं नाही.

कठीण गेली ती उपपदं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे नामाआधी येणारे शब्द. मराठीत ती नाहीतच आणि इटालियनमध्ये निश्चित उपपदाचीच सात रूपं: इल, लो, ला, स्वराआधी नुसता ल, आणि अनेकवचनात ई, ल्यी, ले. पुढच्या शब्दाचं लिंग, वचन आणि पहिलं अक्षर बघून रूप ठरतं, म्हणून ‘इल लीब्रो’ पण ‘लो स्तुदेन्ते’. मराठीतलं लिंगही कामाला येत नाही. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. हिवाळाभर यातच गेला. प्रत्येक नाम उपपदासकटच पाठ करायचं, सुटं कधीच नाही, या सवयीने शेवटी फरक पडला. नव्या पालकांनी हे पहिल्याच दिवसापासून सांगावं.

शिक्षिका उत्तम आहेत. तास सुरू होताच तारीख, हवामान, काल काय केलं, सगळं इटालियनमध्ये विचारतात. नाताळच्या सुट्टीआधी आकड्यांच्या सरावासाठी त्यांनी तोंबोला खेळायला घेतली. १ ते ९० आकडे, ओळ भरली की बक्षीस; आपली हाउझीच ती.

त्यांनी बोलीभाषांना दिलेला मान मला विशेष आवडला. वर्गातली काही मुलं इटालियन कुटुंबांतली आहेत, त्यांच्या घरी ‘गबागूल’ आणि ‘रिगॉट’ म्हणतात. पुस्तकात ‘कापोकोल्लो’ (डुकराचं खारवून वाळवलेलं मांस) आणि ‘रिकोत्ता’ (एक मऊ चीज). त्यांचे पूर्वज १८८० ते १९२० च्या सुमारास मुख्यतः नापोली (नेपल्स), कालाब्रिया, सिचिलिया (सिसिली) अशा दक्षिणेकडच्या भागांतून आले आणि आपापली बोली घेऊन आले. प्रमाण इटालियन फिरेंझेच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, भाषेवर उभी आहे. शिक्षिकांनी आजीची बोली चूक ठरवली नाही. परीक्षेत काय लिहायचं आणि घरी काय बोलायचं हे वेगळं समजावलं. ज्यांच्या घरी मालवणी किंवा अहिराणी बोलतात त्यांना याचं मोल लगेच कळेल.

उणीव एकच, पण मोठी: ऐकण्याचा सराव फार कमी. ध्वनिफीत निघते ती चाचणीच्या आसपास. आम्ही घरी यूट्यूबवर इटालियन हवामानाचे अंदाज लावायला लागलो. दिवस, शहरं, आकडे, पाऊस, वारा, सगळे शब्द ओळखीचे असतात आणि बोलण्याचा खरा वेग कानाला कळतो. एका वर्षात किती येतं? ओळख करून देणं, घरच्यांबद्दल सांगणं, जेवण मागवणं, वेळ विचारणं. सिनेमा कळण्याइतकं अजून येत नाही, आणि पहिल्या वर्षाकडून ती अपेक्षा नसावीच.

विषय निवडण्याआधी समुपदेशकांना एक गोष्ट जरूर विचारा: इटालियन-३ आणि ४ चे वर्ग खरोखर भरतात का? मुलं कमी असली की काही शाळा दोन वर्षांचे वर्ग एकत्र करतात किंवा बंद करतात. एपी परीक्षेचंही (हायस्कुलात असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) हेच झालं होतं. इटालियनची एपी २००६ मध्ये सुरू झाली, २००९ नंतर थांबवली गेली आणि २०१२ मध्ये परत आली. आमच्या शाळेत चौथ्या वर्षापर्यंत वर्ग आहेत. लेकीने इटालियन-२ साठी नाव दिलं आहे.