कुडाळजवळच्या हॅचरीतली गावठी पिल्लं: आधी नर किती ते विचारा

गणपती झाल्यावर कुडाळजवळच्या एका छोट्या हॅचरीतून ५० गावठी पिल्लं आणली होती, आता शिमग्याला तलंगा अंड्यावर आल्यात म्हणून लिहितोय. ४५ रुपयांना एक पडलं, मॅरेक्सची (पाय लुळे पडतात त्या रोगाची) लस पहिल्याच दिवशी देऊन मिळतात, लासोटा (राणीखेतची लस) आपण घालायचा.

आधी दुसरीकडचा अनुभव सांगतो. दोन वर्षांमागे एका ठिकाणाहून ३० आणली, वाढली छान, अंडीपण दिली, पण त्यातलाच नर ठेवून खुडूक कोंबडीखाली १२ अंडी घातली तर ५ पिल्लं निघाली आणि त्यातलीपण २ पायात लुळी. नंतर कळलं की त्यांच्याकडे सगळ्या माद्यांना एकच नर होता, म्हणजे माझ्याकडे आली ती सगळी भावंडंच. सख्ख्या भावंडांचं लावलं की पिल्लात २५ टक्के अंतःप्रजनन (म्हणजे आईबापांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक दोनदा येणं), सावत्र असली तरी साडेबारा, आणि त्याचा पहिला फटका अंडं उबण्यालाच बसतो.

म्हणून यावेळी फोनवर पहिला प्रश्न नरांचा केला. हॅचरीवाल्या ताईंनी सरळ सांगितलं, ५ कप्पे, प्रत्येकात १ नर नि १० माद्या, दरवर्षी नवे नर पुढच्या कप्प्यात सरकवायचे, आणि गेल्यावर रजिस्टर समोर ठेवलं. मला हे फारच आवडलं कारण रक्ताच्या हिशोबाने कळप खरा किती पक्ष्यांएवढा ते काढून बघा, नर गुणिले माद्या गुणिले ४, भागिले दोघांची बेरीज, म्हणजे इथे १८ येतात. ५० माद्यांना एकच नर असला तर उत्तर ४ पण येत नाही! खुराड्यात ५१ पक्षी दिसतात पण रक्ताच्या हिशोबाने चारसुद्धा नाहीत.

कोणी म्हणेल एवढं कशाला, पांढरी लेअर घ्या, वर्षाला ३०० च्या वर अंडी. खरंय, पण ती वेगवेगळ्या बंद लाइनींचा (बाहेरचं रक्त न घेता वाढवलेल्या वाणांचा) संकर असते, तिची पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत, दर वेळी विकतच आणावी लागतात. आणि त्या लाइनी अंड्यांसाठी निवडत निवडत इतक्या आवळल्यात की २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात बहुतेक व्यापारी लाइनींत मूळ जातींमधली निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता सापडलीच नव्हती. उद्या नवा रोग आला तर त्याला तोंड देणारं काहीतरी कळपात असायला नको का? गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० च अंडी देईल पण खुडूक बसते, पिल्लं सांभाळते, नि आपल्याकडे घार-मुंगसापासून पळायचंपण तिलाच जमतं.

माझ्या ५० त पिवळ्या पायाची, काळ्या पायाची, तुर्रेवाली, बोडक्या मानेची सगळी आहेत. पिवळ्या पायाचा तो गुण तर राखाडी रानकोंबड्याकडून आलाय म्हणतात शास्त्रज्ञ, आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तोच.

तरी रंग बघून भुलू नये. दिसायला वेगळी कोंबडी आतून जवळची असू शकते, खरं मोजमाप डीएनएचंच, एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने) कोंबड्यांसाठी ३० मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएतल्या तपासायच्या खुणा, सुचवलेत, त्यावरून कळपात किती जनुकप्रकार आहेत नि विषमयुग्मता (आईकडून एक नि बापाकडून वेगळा प्रकार आलेला असणं) किती ते कळतं. या हॅचरीने तशी तपासणी केलेली नाही, एकदा प्रत्येक कप्प्यातल्या काही पक्ष्यांची करून घ्यावी असं मी त्यांना सांगून आलोय. दुसरी तक्रार, नवे नर जास्त अंडी देणाऱ्या एकाच कप्प्यातून घेण्याकडे त्यांचा कल दिसला, तसं केलं तर दोन-तीन वर्षांत पाच कप्प्यांचा एकच होईल. बोलल्यावर त्यांनी ऐकून घेतलं, प्रत्येक कप्प्यातून एक तरी नर ठेवते म्हणाल्या.

खोक्याला भोकं कमी होती, घरी येईपर्यंत ३ पिल्लं गेली, तेवढं सुधारावं. पुढचा लॉट अक्षय्य तृतीयेच्या आसपास आहे, बुकिंग करताना नर माद्यांपेक्षा वेगळ्या कप्प्यातला मागा, पायात वेगळ्या रंगाची रिंग घालून देतात.