७४९ रुपयांचे बूट मला २५,७१९ला पडले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर आकड्यांतच असते. सोसायटीच्या ग्रुपवर 'अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका' हे मेसेज टाकणारी बाई मीच. सासूबाईंना कोणी गंडवू नये म्हणून त्यांच्या फोनमधलं यूपीआय मीच काढून टाकलंय. आता त्या माझ्याकडे कशा बघतात ते लिहीत नाही.

लेक २०२५च्या जूनमध्ये पहिलीत गेली. शाळा १६ जूनला, सोमवारी. पत्रक मेमध्येच हातात पडलं होतं. काळे बूट, वेलक्रोचेच, लेस नको, तळव्याला पांढरी पट्टीसुद्धा नको. शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हास. आणि खाली एका दुकानाचं नाव, 'पालकांच्या सोयीसाठी'. सोय कोणाची होते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फोन करून विचारलं तर काळे बूट ११५०, कॅनव्हास ५५०. सहा-आठ महिन्यांत आखूड होणाऱ्या बुटांना १७०० रुपये! माझी सटकली. कोणाचीही सटकली असती.

त्यात पाऊस. त्या वर्षी मुंबईत २६ मेलाच मान्सून दाखल झाला, आमच्या डोंबिवलीत रस्त्यांचे नाले झालेले. नवऱ्याची नाइट शिफ्ट. सहा वर्षांच्या पोरीला एका हाताला आणि छत्री दुसऱ्या हाताला धरून चपलांची दुकानं कधी फिरणार? २८ मेच्या रात्री तिला झोपवून फोन घेऊन पडले, तर समोर जाहिरात. नावाजलेल्या कंपनीचा लोगो, गोड हसणारी दोन मुलं, काळे दोन जोड आणि कॅनव्हासचा एक, सगळे मिळून ७४९. खाली घड्याळ उलटं पळतंय.

वेबसाइटच्या पत्त्यात कंपनीचं नाव होतं, पुढे आडवी रेघ आणि 'सेल'. मी ते वाचलं. वाचून पुढे गेले. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती, तेही पाहिलं. पैसे भरताना यूपीआयवर कंपनीचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं, ते तर ठळक अक्षरांत होतं. मनात म्हटलं, असेल कुणी डीलर. समोरच्याची सफाई मीच मला देत होते! घेणाऱ्याचं नाव पटलं नाही तर तिथेच बॅक दाबा. कारणं शोधत बसू नका.

मापासाठी तिथे वयाचा तक्ता होता, सहा वर्षं म्हणजे ११ नंबर. वयावरून बुटाचा नंबर काढणं म्हणजे आडनावावरून ब्लाउजचं माप काढण्यासारखं आहे. निदान तेवढी अक्कल मला होती. आदल्या रविवारी संध्याकाळी पोरीला कागदावर उभी करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली होती. साडेसतरा सेंटीमीटर, उजवं किंचित मोठं. माप संध्याकाळीच घ्यावं, दिवसभर हुंदडून पाय थोडे फुगलेले असतात. आणि मुलाला उभं करूनच घ्यावं, बसल्यावर पाऊल पसरत नाही.

पार्सल ५ जूनला आलं. पिशवी फोडल्याबरोबर घरभर गमचा वास. तीन जोडांऐवजी एकच जोड, कॅनव्हासचा पत्ता नाही. दोन्ही बुटांवर ११चं स्टिकर, पण तळवे एकमेकांना लावून पाहिले तर एक बूट दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट लांब. स्टिकर नखाने खरवडलं तर खाली साच्यातला आकडा १२. आतला तळवा चक्क पुठ्ठ्याचा, वर काळं रेग्झिन ताणून बसवलेलं. लेक बिचारी हौसेने घालून हॉलभर चालली. एका पायात टाच टपाक टपाक बाहेर येतेय, दुसऱ्यात तिने बोटं आत मुडपून घेतलेली. मला विचारते, "आई, हा बूट दुसरीतला आहे का गं?"

इथे गप्प बसले असते तर ७४९वर भागलं असतं. पण मला अद्दल घडवायची होती ना! दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी ६ तारखेला, ऑफिसातून आल्याबरोबर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला. दहा आकडी मोबाईल नंबर होता. एवढ्या मोठ्या कंपनीची तक्रार कोणी मोबाईलवर घेतं का? सर्चमध्ये सगळ्यात वर येणं हे पैसे देऊन विकत मिळतं, हे मला माहीत होतं. नंबर घ्यायचा तर खोक्यावरून घ्या, बिलावरून घ्या, कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या.

समोरचा हिंदीत बोलला असता तर कदाचित सावध झाले असते. हा स्वच्छ मराठी बोलत होता. "ताई, तुमचा संताप मी समजू शकतो." नाव, पत्ता, ७४९चा आकडा, सगळं त्याने आधी सांगितलं. आता कळतंय, बूट विकणारे आणि फोन उचलणारे एकाच माळेचे असणार, नाहीतर नंबरही त्यांनीच पेरलेला असणार. त्याने खात्री पटावी म्हणून मला एक रुपया पाठवला. आला. मग म्हणाला, "ताई, यूपीआय उघडा, मी सांगतो तो आयडी टाका." आयडीत 'रिफंड' शब्द होता. "आता तुमचा टोकन नंबर येईल, १४९८०. तो चौकोनात टाका, ९० सेकंदांत एक्स्पायर होतो."

त्या चौकोनाबद्दल मला लिहायचंच आहे. त्याच्या डावीकडे रुपयाचं चिन्ह होतं. ठसठशीत. मी १४९८० टाकल्यावर फोनने स्वतःहून स्वल्पविराम घातला, १४,९८०. टोकन नंबरात कधी स्वल्पविराम असतो का हो? मी दिवसभर व्हाउचर तपासते, कुठल्या आकड्यात स्वल्पविराम येतो आणि कुठल्यात नाही हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे. आणि तो स्वल्पविराम मला दिसला. खरंच दिसला, क्षणभर अंगठा थांबलाही. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, चाळीस सेकंद राहिले." लेक मागून ओढत होती, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि मी पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, पिन पैसे जायला लागतो. हे वाक्य मी स्वतः ग्रुपवर निदान तीनदा टाकलेलं आहे.

१४,९८० गेल्याचा मेसेज आला. हातपाय गार. तर तो शांतपणे, "ताई, घाईत तुमच्याकडून उलटी एंट्री झाली. रिव्हर्सल टोकन देतो, ९९९०." तुम्ही म्हणाल, आता तरी ठेवायचा ना फोन. मला तेव्हा एवढंच डोक्यात होतं की नवरा घरी यायच्या आत पैसे परत आले पाहिजेत. तेही टाकले. तिसऱ्यांदा १९,९७० सांगितले, ते गेले नाहीत, कारण खात्यात तेवढी शिल्लकच नव्हती. माझ्या हुशारीने नाही, महिनाअखेरच्या हप्त्यांनी वाचवलं.

७४९ अधिक १४,९८० अधिक ९,९९०. पंचवीस हजार सातशे एकोणीस.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला. फसलात तर पहिला फोन हाच करा, रडणं नंतर. माझा सहाव्या वेळी लागला, चाळीस मिनिटांनी. ती मुलगी नीट बोलली, ट्रान्झॅक्शनचे नंबर घेतले, तक्रारीचा क्रमांक एसएमएसने आला. सरकारी बाजूने चांगलं म्हणावं असं एवढंच.

रात्री साडेआठला पोलीस ठाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी बकरी ईद, साहेब बंदोबस्तात. हवालदारांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, शिकलेल्या दिसता." मग बाजूच्याला, "अरे, बुटांपायी पंचवीस हजार." दोघं हसले. मुलगी माझं बोट धरून उभी होती. त्यानंतर विचारणा, बँकेची शाखा कुठली? ठाण्याची. मग ठाण्याला जा! पैसे माझ्या स्वयंपाकघरातून गेले, शाखेतून नाही, हे सांगून माझा घसा सुकला. घरी येऊन वाचलं तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. चारसोबीसचं कलम बदलून न्याय संहितेत ३१८ झालं, वागणूक बदलायची राहिली. १७३चा आकडा कागदावर लिहून न्या आणि टेबलावर ठेवा. मी सोमवारी ठेवला, तेव्हा खुर्ची मिळाली.

शनिवारी ईदची बँक बंद, रविवार तर रविवारच. व्यवहार थांबवा म्हणून शुक्रवारी रात्री टोल फ्रीवर सांगितलं होतं, तिथे 'शाखेत भेटा' म्हणाले. सोमवारी शाखेत गेले तर 'हे तर टोल फ्रीवरच होतं'. मग फॉर्म. फॉर्म संपलेत, झेरॉक्स काढून आणा. बाहेर पावसात जाऊन पाच रुपयांच्या झेरॉक्स आणल्या (धरा तेही पाच रुपये). अधिकारी बाईंनी मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग बँक काय करणार?" रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक मी दाखवलं, अनधिकृत व्यवहारात चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही म्हणून. त्यांनी बोट ठेवलं 'अनधिकृत' या शब्दावर. मी स्वतः पिन दाबला, म्हणजे माझ्यासाठी तो अधिकृत. मला अजून पटलेलं नाही, पण पटवून घ्यायला दारं तरी किती ठोठावायची? ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही तक्रार आहे. तिथे विक्रेत्याचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मी स्वतःच बूट घेऊन गेले नसते का?

आजची स्थिती अशी, की पुढच्या एका खात्यात २,३१० रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं होतं. बाकीचे पुढे पाच-सहा खात्यांत फुटून निघून गेले.

बूट शेवटी बाजारातल्या साध्या दुकानात घेतले, ६८०ला. म्हाताऱ्या काकांनी लेकीला उभं केलं, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघितलं, "एक बोट जागा हवी, दोन नकोत." तळवा बोटांपाशी वाकवून दाखवला. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध वाकला तर परत ठेवा. मग तिला दुकानाच्या पायरीवरून दोनदा उतरायला लावलं, टाच निघते का पाहायला. कॅनव्हास २९०. एकूण ९७०. शाळेने काही विचारलं नाही, कुठून घेतले म्हणून.

काल रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, मुलं तीच हसणारी, आता सोबत दप्तर फुकट. रिपोर्ट केलं. सकाळी उत्तर आलं, 'या जाहिरातीत आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.'