मुंबईतलं ५जी: कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊ नका

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत ५जी आलं. जिओ आणि एअरटेल पहिल्याच आठवड्यात, व्हीआय मार्च २०२५ मध्ये. सेवा चांगली आहे का, याचं प्रामाणिक उत्तर तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. फोनच्या कोपऱ्यात '५जी' दिसतं तेव्हा ते कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावरचं ५जी आहे हे तो सांगत नाही, आणि मुंबईत सगळा फरक तिथेच पडतो.

वेगाचा खरा पट्टा एन७८, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. ४जीचा एक कॅरियर (डेटा वाहून नेणारा पट्ट्याचा तुकडा) जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो; इथे जिओ आणि एअरटेलकडे सलग १०० आहेत, व्हीआयकडे ५०. टॉवरवर ३२ किंवा ६४ अँटेनांचा पॅनल असतो आणि तो प्रत्येक फोनकडे वेगळा झोत वळवतो. कागदावर एवढ्यात सेकंदाला दीड गिगाबिटच्या आसपास वेग बसतो, पण तो आकडा विसरा. एकाच सेलवर (टॉवरने सांभाळलेल्या एका भागात) शेकडो माणसं लटकलेली असताना प्रत्येकाच्या वाट्याला किती येतं हे महत्त्वाचं, आणि ५जीने मुंबईकराचं खरं भलं केलंय ते तिथे. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर ४जीवर यूपीआयचं चक्र फिरत राहायचं. पैसे पाठवायला लागणारा डेटा नगण्य असतो. अडतं ते सेलकडे जागा मागण्याच्या रांगेत. नवा रुंद पट्टा ही रांग मोकळी करतो, आणि ५जीवाले तिकडे गेले की ४जीवाल्यांनाही जरा श्वास घेता येतो.

याच पट्ट्याची खोड म्हणजे भिंत. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटमध्ये लवकर मरतात, आणि बीकेसीतल्या कार्यालयांची धातूचा मुलामा दिलेली काच तर त्यांना चक्क परतवते. जिओने यासाठी ७०० मेगाहर्ट्झ (एन२८) घेतलं. ते आतल्या खोलीपर्यंत पोचतं, पण रुंदी फक्त १० मेगाहर्ट्झ, म्हणजे कागदावरही कमाल वेग शंभर एमबीपीएसच्या थोडा वर. तेवढ्यात अख्ख्या इमारतीची वाटणी. त्यामुळे चाळीतल्या मागच्या खोलीत ५जीचं चिन्ह दिसूनही व्हिडिओ अडकतो, आणि तोच फोन ४जीवर टाकला तर बरा चालतो. हा बिघाड नव्हे. एअरटेलने ७०० घेतलंच नाही. तिथे एन७८ पोचलं नाही की बहुतेक भार ४जीवर येतो.

लोअर परळच्या उंच इमारतींत उलटाच प्रकार. तिसाव्या मजल्यावर दांड्या पूर्ण भरलेल्या आणि नेट मात्र रडत. टॉवरचे अँटेना रस्त्याकडे, खाली झुकवलेले असतात. वरच्या मजल्याला एक जवळचा सेल नीट मिळण्याऐवजी दूरदूरचे पाच-सहा एकदम ऐकू येतात आणि एकमेकांत कालवाकालव करतात. यावर इलाज इमारतीच्या आत अँटेना बसवण्याचा, आणि तो सोसायटीने कंपनीशी बोलून करायचा. एकट्या रहिवाशाने ग्राहक सेवेला फोन करून काही होत नाही. बाजारातले बिनपरवाना बूस्टर तर लावूच नका. ते बेकायदा आहेत, आणि तुमच्या एका खोलीसाठी शेजारच्या इमारतीची रेंज बिघडवतात.

मोजायचं असेल तर दांड्या सोडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#*, सॅमसंगवर *#००११#, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. दोन आकडे पाहा. आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे ११० च्या खाली म्हणजे खिडकीकडे सरका. एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) वीसच्या वर असेल तर छान, शून्याच्या आसपास असेल तर सिग्नल जोरात असूनही गोंगाटात बुडालाय. तिथे जागा बदलण्यावाचून उपाय नाही. स्पीड टेस्ट जपून करा. पाचशे एमबीपीएसवर दहा सेकंदांची चाचणी सव्वासहाशे एमबी खाते.

अपलोड ही ५जीची लंगडी बाजू. एन७८ वर एकच पट्टा आळीपाळीने येण्या-जाण्यासाठी वापरतात आणि जाणाऱ्या डेटाला वेळेचा साधारण पाचवा हिस्साच मिळतो. शिवाय फोनची ताकद टॉवरपेक्षा कितीतरी कमी. लग्नाचा मोठा व्हिडिओ आतल्या खोलीतून पाठवण्यात अर्थ नाही. गॅलरीत या किंवा वायफाय वापरा.

बॅटरीचा मुद्दा वेगळा. जिओचं जाळं पूर्ण ५जीचं (एसए). एअरटेल आणि व्हीआयने ४जीवर टेकलेली एनएसए पद्धत घेतली. एनएसएत फोन दोन्ही रेडिओ एकदम चालू ठेवतो, म्हणून सेलच्या कडेला, कमजोर सिग्नलमध्ये तो तापतो. जुन्या ५जी फोनांपैकी काहींत एसए चालतच नाही, तेव्हा हँडसेट घेताना एन७८ आणि एन२८, दोन्हींवर एसए आहे का ते तपासा. रोज लोकलने जाणाऱ्यांना आमचा सल्ला: प्रवासात ४जी लावा, आयफोनवर निदान '५जी ऑटो'. गाडी धावताना सेल सतत बदलतो, डब्याचा पत्रा आणि दाटीतली माणसं सिग्नल शोषतात, आणि ४जी-५जीच्या उड्यांतच चार्जिंग संपतं. भुयारी मेट्रोत तर वरच्या टॉवरचा उपयोगच नाही. स्थानकात आणि बोगद्यात वेगळी यंत्रणा असेल तरच रेंज मिळते.

पैशाचं बोलायचं तर जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी मुख्यतः रोज २ जीबी किंवा अधिक डेटाच्या पॅकपुरतं ठेवलं. दिवस घरात, वायफायवर जात असेल तर हा जादा खर्च वाया. बाजारपेठेत दुकान असेल, फिरतीची नोकरी असेल तर वसूल होतो.

कंपनी बदलण्याआधी दुसऱ्या कंपनीचं स्वस्त सिम आठवडाभर फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून बघा, आणि तेही झोपायच्या खोलीत, कामाच्या टेबलावर आणि रात्री नऊ ते अकरा या वेळेत. दुपारी गच्चीवर सगळीच नेटवर्कं सुंदर चालतात. मग इंग्रजीत 'पोर्ट' आणि पुढे आपला नंबर लिहून १९०० वर मेसेज टाका. येणारा कोड नव्या कंपनीला द्या; तो चार दिवस चालतो. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल किंवा सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील, तर कोडच मिळत नाही.