राहून लढावे की राजीनामा द्यावा?

वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादक मंडळावरील डॉक्टरला प्रकाशकाचा एखादा व्यवहार वैद्यकीय नीतीला सोडून आहे असे दिसले, तर त्याने पदावर राहून जाहीर विरोध करावा की सहकाऱ्यांसह बाहेर पडून नवे नियतकालिक काढावे? दोन्ही मार्ग आजवर चोखाळले गेले आहेत.

पहिल्या मार्गाचे उदाहरण ‘द लॅन्सेट’चे. 2004 मध्ये इराक युद्धातील मृत्यूंचा अभ्यास छापणाऱ्या या नियतकालिकाची मालक कंपनी, रीड एल्सेव्हिअर, लंडनमध्ये शस्त्रास्त्रांचे प्रदर्शनही भरवत होती. ही विसंगती असह्य होऊन संपादकांनी सप्टेंबर 2005 मध्ये आपल्याच अंकातून मालकाला हा धंदा सोडण्याचे आवाहन केले. पाठोपाठ डॉक्टरांची पत्रे आली, संशोधकांनी सह्या गोळा केल्या, जोसेफ राउंट्री धर्मादाय न्यासाने कंपनीतील आपले समभाग विकले. अखेर जून 2007 मध्ये कंपनीने माघार जाहीर केली आणि पुढील वर्षी ही प्रदर्शने विकून टाकली. हे यश मोठे आहेच. परंतु या प्रदर्शनांचा वाटा कंपनीच्या उलाढालीत जेमतेम अर्धा टक्का होता, म्हणून माघार परवडली.

वाचकांना मोफत खुल्या असणाऱ्या नियतकालिकांत मात्र लेखकांकडून घेतले जाणारे प्रकाशनशुल्क हाच उत्पन्नाचा गाभा. एल्सेव्हिअरच्याच ‘न्यूरोइमेज’ या मेंदूच्या प्रतिमांवरील संशोधनाच्या नियतकालिकाच्या संपादकांनी 3,450 डॉलरचे शुल्क कमी करण्याची विनंती केली, ती एल्सेव्हिअरने फेटाळली, आणि एप्रिल 2023 मध्ये चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे देऊन एमआयटी प्रेसकडे ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ सुरू केले. पाठीशी विद्यापीठाची मुद्रणसंस्था होती, हे येथे निर्णायक ठरले. कॅनडात 2006 मध्ये वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाचे संपादक जॉन होई यांना काढून टाकल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘ओपन मेडिसिन’ काढले. तळमळ कमी नव्हती, तरी ते 2014 मध्ये बंद पडले.

माझे मत असे की, आक्षेपार्ह व्यवहार प्रकाशकाच्या नफ्यात किरकोळ असेल तर राहून लढावे, कारण नियतकालिकाचे नाव हेच संपादकाचे बळ असते आणि राजीनाम्यानंतर ते नाव मालकाकडेच राहते. व्यवहार नफ्याच्या मुळाशी असेल तर बाहेर पडावे, पण एकट्याने कधीही नाही, आणि किमान काही वर्षांचा खर्च उचलणारी संस्था आधी निश्चित करूनच. अन्यथा पदोन्नतीसाठी मान्यताप्राप्त नियतकालिकातच शोधनिबंध द्यावा लागणारे तरुण डॉक्टर इच्छा असूनही नव्या अंकाकडे येऊ शकणार नाहीत.