व्हेप की निकोटिनची च्युइंगम? हिरड्यांच्या बाजूने बघूया

मालवणच्या मावसभावाला सिगारेट सोडायचीय, पण मित्र व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) घे म्हणतायत आणि मेडिकलवाला निकोटिनची च्युइंगम, म्हणून त्याच्यासाठी लिहितोय.

आधी हिरड्या. व्हेपमध्ये जळणं नाही, डांबर नाही, हे खरं, पण निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे हिरडी आतून खराब होत असली तरी रक्त कमी येतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, खरा धोका हाच. निकोटिन च्युइंगममध्येही असतं, पण मोजून, २ किंवा ४ मिलिग्रॅम, आणि हळूहळू कमी करायचं असतं. व्हेपचे झुरके कोण मोजतो?

तोंड कोरडं पडणं: व्हेपच्या लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेतं, लाळ कमी झाली की दात किडतात. च्युइंगमने उलट लाळ सुटते.

मेहनत मात्र च्युइंगमला जास्त. सारखी चघळायची नाही रे, तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, असं अर्धा तास. आणि आधी १५ मिनिटं कोकम सरबत, सोलकढी, चहा काही नको, आंबटाने निकोटिन नीट शोषलं जात नाही.

कायदा: २०१९ पासून आपल्याकडे ई-सिगारेट विकण्यावर बंदी आहे, म्हणजे चोरून मिळणाऱ्या मालात काय भरलंय कोणालाच माहीत नाही.

दात घट्ट असतील तर च्युइंगम. दात हलत असतील किंवा कवळी असेल तर डॉक्टरांना निकोटिनच्या पॅचचं (कातडीवर चिकटवायची पट्टी) विचार. सिगारेट न ओढणाऱ्याने व्हेपला हातच लावू नये. आणि भावा, आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या तपासून ये, रक्त येत नसलं तरी.