शॅडो गॅम्बिट: मिमिमी गेम्सचा शेवटचा गेम, काही महिने खेळल्यानंतर

म्युनिकच्या मिमिमी गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओने ‘शॅडो गॅम्बिट: द कर्स्ड क्रू’ हा गेम 17 ऑगस्ट 2023 रोजी प्रसिद्ध केला आणि 29 ऑगस्टला, म्हणजे अवघ्या बारा दिवसांनी, स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. ही बातमी वाचून अनेकांनी गेम घेण्याचे टाळले असेल. गेल्या काही महिन्यांत मी तो पूर्ण केला आणि त्यातली बरीच बेटे वेगवेगळे गडी (म्हणजे आपण चालवतो ती पात्रे) घेऊन पुन्हा खेळलो. बंद पडलेल्या स्टुडिओचा गेम अर्धवट असणार, ही शंका इथे पूर्णपणे निराधार आहे, असे मी खात्रीने सांगू शकतो.

वरून दिसणारा नकाशा, पहारेकऱ्यांच्या नजरेचे टप्पे आणि त्यांतून चोरपावलांनी वाट काढणारी मोजकी माणसे, हा प्रकार माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने 1998 साली ‘कमांडोज’मधून लोकप्रिय केला. सायबर कॅफेच्या दिवसांत तो खेळलेल्यांना त्यातली मजा आणि त्यातला छळ, दोन्ही आठवत असतील. पुढे हा प्रकार जवळजवळ विस्मरणात गेला होता. मिमिमीने डिसेंबर 2016 मध्ये जपानच्या एदो काळात घडणारा ‘शॅडो टॅक्टिक्स’ काढून त्याला पुन्हा उभे केले, जून 2020 मध्ये ‘डेस्पराडोज 3’ने त्याला आणखी धार दिली, आणि शापित चाच्यांचा ‘शॅडो गॅम्बिट’ हा त्याच वाटेवरचा तिसरा टप्पा ठरला.

या स्टुडिओचे खरे कसब कळते ते बारीकसारीक गोष्टींत. नजरेच्या टप्प्यातला जवळचा भाग भरीव असतो, तिथे पाऊल पडले की आपण दिसलोच; लांबचा भाग रेघारेघांचा असतो, तिथून वाकून गेल्यास सुटका होते. त्यामुळे चूक झाली तर ती का झाली, हे खेळणाऱ्याला लगेच कळते आणि गेमवर चिडण्याचा प्रसंग येत नाही. जुन्या गेममध्ये वारंवार सेव्ह करणे म्हणजे लबाडी वाटत असे. मिमिमीने आधीच्या गेममध्ये, शेवटचे सेव्ह करून किती वेळ झाला हे पडद्यावरच दाखवायला सुरुवात केली, आणि या शेवटच्या गेममध्ये तर सेव्ह करणे हीच कथेतली शक्ती बनवली: ‘रेड मार्ली’ या जिवंत जहाजाचा आत्मा तो क्षण आठवणीच्या रूपाने जपून ठेवतो आणि हवा तेव्हा परत देतो. खेळणाऱ्याच्या मनातला अपराधभाव इतक्या सुंदर रीतीने काढून टाकलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. शत्रूंमध्ये एकमेकांशी जादूने बांधलेली एक जोडी असते. त्यातला एक पडला तर दुसरा त्याला पुन्हा उठवतो, म्हणून दोघांना एकाच क्षणी टिपावे लागते. अशा वेळी मी काळ थांबवतो, माझ्या गड्यांपैकी अफियाला एकावर झेप घेण्याची आणि तेरेसाला दुसऱ्यावर बाण सोडण्याची आज्ञा देऊन ठेवतो, आणि एका कळीसरशी दोन्ही गोष्टी घडतात. मात्र तेरेसाकडे बाण एकच असतो. तो परत आणण्यासाठी तिला उघड्यावर पडलेल्या त्या देहापर्यंत जावे लागते, तेही पुढची गस्त येण्याच्या आत. एवढ्या एका मर्यादेमुळे जिंकलेला डाव पुन्हा रंगात येतो.

उणिवाही आहेत. तीच बेटे पुढच्या कामगिऱ्यांसाठी पुन्हा वापरलेली असल्यामुळे उत्तरार्धात नवलाई कमी होते, आणि जहाजावरचे संवाद काही वेळा नको इतके लांबतात. एकेका कामगिरीची बांधणी पाहिली तर माझ्या मते ‘डेस्पराडोज 3’ अजूनही सरस आहे.

मग इतके चांगले काम करणारा स्टुडिओ का थांबला? स्थापनेनंतर सुमारे 15 वर्षांनी संस्थापकांनी जी कारणे दिली ती स्पष्ट होती: या कामाचा स्वतःवर आणि कुटुंबांवर पडलेला ताण, वाढता खर्च, आणि पुढच्या अनेक वर्षांच्या निर्मितीसाठी पुन्हा पैसा उभा करण्याची जोखीम. खेळताना यामागचे गणित थोडेफार दिसते. आठ गड्यांपैकी कोणतेही तीन निवडले तरी बहुतेक बेटे पार करता यायला हवीत, म्हणजे प्रत्येक भिंत, प्रत्येक झुडूप कितीतरी प्रकारे तपासून पाहावे लागले असणार. आणि हे सारे अशा प्रकारच्या खेळासाठी, ज्याचा चाहता निष्ठावंत असला तरी संख्येने थोडा आहे. आधीच्या दोन गेमना डेडालिक आणि टीएचक्यू नॉर्डिक हे प्रकाशक होते. हा गेम स्टुडिओने स्वतः प्रकाशित केला होता.

थांबण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्सने सप्टेंबर 2018 मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना कसलीही भरपाई न देता एका दिवसात घरी पाठवले, तेव्हा ‘द वॉकिंग डेड’ या त्यांच्या गेममालिकेचा शेवटचा हंगाम अर्धवटच होता आणि तो पुढे दुसऱ्या कंपनीने पूर्ण केला. मिमिमीने घोषणेनंतरही काम चालू ठेवले आणि डिसेंबर 2023 मध्ये दोन पुरवणी भाग आणले. त्यांपैकी एकात ‘शॅडो टॅक्टिक्स’मधली युकी नवा गडी म्हणून जहाजावर दाखल होते.

गेम एकट्याने खेळायचा असल्यामुळे स्टुडिओ नसल्याची अडचण खेळताना मला जाणवली नाही. या प्रकाराची ओळख नसलेल्यांनी ‘शॅडो टॅक्टिक्स’पासून सुरुवात करावी, मग ‘डेस्पराडोज 3’ आणि त्यानंतर हा गेम घ्यावा. पुरवणी भाग घेतले तरी मूळच्या आठही गड्यांचा हात बसल्यावरच युकीला सोबत घ्यावे.