कार्यालयातील जेवणसेवा: आठ महिन्यांच्या अनुभवानंतर

आमच्या कार्यालयात दुपारचे जेवण पुरवणारी नवी सेवा येऊन आठ महिने झाले. मला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू, बार्ली किंवा राय यांतले ग्लुटेन पोटात गेले की लहान आतड्याला इजा होते, त्यामुळे कोणत्याही जेवणसेवेत मी सर्वांत आधी चवीपेक्षा विश्वास शोधते.

या सेवेचा नोंदणीचा अर्ज मला मनापासून आवडला. त्यात 'काय खात नाही' एवढेच न विचारता 'का खात नाही' हेही विचारले आहे, आणि हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ज्याला दुधातली साखर पचत नाही त्याला लॅक्टोजरहित दूध बहुधा चालते, पण दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसासाठी तेच दूध घातक ठरू शकते. उत्तर गोपनीय राहते. डब्यावर नाव किंवा कारण न लिहिता केवळ क्रमांक असतो, त्यामुळे कुणाचा आजार किंवा कुणाची श्रद्धा सगळ्यांसमोर येत नाही. प्रत्येक पदार्थासमोर घटकांची पाटी असते आणि युरोपीय संघाच्या नियमांतील 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांपैकी जे त्या पदार्थात असतील ते तिच्यावर ठळक छापलेले असतात. त्या यादीत तीळ आहेत, हे मी मुद्दाम पाहिले. अमेरिकेच्या यादीत ते 2023 पासून आले.

तरीही तिसऱ्या महिन्यात चूक झालीच. स्वयंपाकघरात माझे सूप वेगळे शिजले होते, पण वाढताना शेजारच्या पातेल्यातला डाव त्यात गेला. त्याच्या दांड्याला पीठ लावून दाट केलेला रस्सा चिकटलेला मला स्पष्ट दिसला. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. वाढप्याला यातले काहीच कुणी सांगितलेले नव्हते, म्हणून मी त्याला दोष देत नाही.

तक्रारीनंतर व्यवस्थापनाने सबबी सांगितल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यापासून असे जेवण झाकणबंद डब्यांत, वेगळ्या टेबलावर आणि बाकीची पातेली उघडण्याआधी येऊ लागले. त्यानंतर मला एकदाही त्रास झालेला नाही.

वीगन सहकाऱ्यांची तक्रार मात्र कायम आहे आणि ती रास्त आहे: नेहमीच्या पदार्थातून दूध-लोणी वगळले की काम झाले असे मानले जाते, त्यामुळे त्यांच्या ताटात प्रथिने कमी पडतात. ऐन वेळी आलेल्या पाहुण्यांसाठीही सोय नाही.

एकंदरीत मी ही सेवा सुचवेन, पण करार करताना बदली वाढप्यांच्या प्रशिक्षणाची अट लेखी घालून घ्यावी; नेहमीचा माणूस रजेवर असला की पाट्या अजूनही उलटसुलट लागतात.